आत्याबाई, तुमचा संशय सुईवर नव्हता

आत्याबाई,

तुमच्या दहाव्याला आलेल्या बायका अंगणात बसल्या होत्या आणि मी चहा देत फिरत होते. त्यातली एक म्हणाली, बाई मनानं चांगली होती, पण लई संशयी. बाकीच्यांनी माना हलवल्या. मी पुढच्या बाईला कप दिला. तिच्याशी भांडावं की आपणही मान हलवावी, हेच मला कळेना. कारण ती खोटं बोलत नव्हती. सासूला आत्याबाई म्हणायची आपल्याकडं रीत आहे म्हणून मी तुम्हाला तसं म्हणत आले, पण सख्ख्या आत्यासारखा विश्वास तुम्ही माझ्यावर टाकायला फार वेळ लावलात. आणि मीही तुमच्यावर.

तुम्ही पन्नाशीही गाठली नव्हती. तरी गावात सगळे तुम्हाला म्हातारीच समजायचे. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात बघितलं, पोलिओचे डोस द्यायला दोन बाया दारात आल्या आणि तुम्ही सांगितलंत की घरात लहान लेकरू नाही. तेव्हा नणंदबाईंचं वर्षाचं पोरगं आतल्या खोलीत झोपलेलं होतं. शाळेत जंताच्या गोळ्या वाटल्या की शेजारच्या पोरांच्या हातातून त्या काढून घेऊन तुम्ही त्यांच्या आईला विचारायला जायचात, ही कशाची हाय, कुणी दिली, कावून दिली. कुणी दवाखान्याचं नाव काढलं की तुम्ही तिथून उठायचात. मला वाटायचं, या बाईला जगात कुणाचंच बरं बघवत नाही.

सार्थक माझ्या माहेरी झाला. जन्मल्याबरोबरच्या लसी तिथल्या दवाखान्यातच झाल्या, तुमच्या माघारी. दीड महिन्यानं त्याला घेऊन मी सासरी आले, आणि दोन दिवसांत आशाताई सांगायला आल्या की बुधवारी अंगणवाडीत या, बाळाची लस आहे. तुम्ही चुलीपुढून न उठताच म्हणालात, "आमच्याकडं न्हाई टोचायचं." कारण सांगितलं नाहीत. आशाताईंनी समजावलं, तर तुम्ही पाठ फिरवून भाकरी थापत राहिलात.

मला तेव्हा दोन्हीकडून भीती होती, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. माझ्या फोनवर कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला होता. पांढरा कोट घातलेला माणूस सांगत होता की या लसींनी पोरांना पुढं मुलं होत नाहीत, सरकारचा तोच डाव आहे. तो मी तीनदा बघितला. बारावी शिकलेली मी, पण तिसऱ्यांदा बघताना ते खरंच वाटायला लागलं होतं. आणि दुसरीकडं, लहानपणी माहेरी शेजारच्या घरातलं तान्हं बाळ डांग्या खोकल्यानं गेलेलं मला आठवत होतं. त्याचा खोकला भिंतीतून ऐकू यायचा. खोकता खोकता ते निळं पडायचं आणि मग श्वास घेताना एक लांब आवाज यायचा. दोन रात्री मी त्या आवाजाचा आणि त्या पांढऱ्या कोटवाल्याचा विचार करत होते. शेवटी आवाज जिंकला.

तुमच्या लेकाला, माझ्या नवऱ्याला, मी काही सांगितलं नाही. तो ट्रॅक्टरवर बाहेरगावी होता. तुम्हाला म्हटलं, कडा गावच्या बाजाराला जाऊन येते, बाळाला अंगडी आणायचीत. बाजार केला, अंगडी घेतली आणि तिथल्या सरकारी दवाखान्यात जाऊन बाळाला लस देऊन आणली. तिथल्या बाईंनी नीट सांगितलं होतं की संध्याकाळी ताप येईल, मांडीवर गाठ येईल, घाबरू नका. ताप आलाच. मी त्याला तापाचे थेंब पाजले आणि तुम्हाला सांगितलं की बाजारात ऊन लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही त्याला पायावर घेऊन अंघोळ घालत होता. तेल लावताना तुमचा हात डाव्या मांडीवर थांबला. तुम्ही परत एकदा बोट फिरवून बघितलं. मी म्हटलं, मुंगी चावली असंल.  अंघोळ झाली, ओव्याची धुरी झाली, त्याला कपड्यात गुंडाळून माझ्याकडं दिलंत आणि मग माझ्याकडं न बघता विचारलंत, "टोचून आणलं ना? मला सांगितलं कावून न्हाई?"

मी रडायला लागले. मला वाटलं आता घर डोक्यावर घ्याल. तुम्ही उंबऱ्यावर बसलात आणि मला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितलीत.

सत्तावीस वर्षांच्या होता तुम्ही. ऊसतोडीच्या हंगामात पोटात दुखायचं, अंगावरून जायचं. गावी परत आल्यावर एका शहरातल्या खाजगी डॉक्टरकडं गेलात. त्यानं मशीन पोटावर फिरवलं आणि सांगितलं, गर्भाची पिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल. तुम्ही विचारलं, काढल्यावर काही त्रास होईल का. तो म्हणाला, काही होत नाही, महिनाभरात परत कोयता धरशील. मामंजींनी कागदावर अंगठा दिला. पिशवी गेली. महिनाभरानं कोयता धरलात तोही खरा, पण पाठ धरली ती कायमची. अंगाची आग व्हायची, हाडं ठणकायची, दोन वर्षांत केस पांढरे झाले. आणि मग एके दिवशी फडात ऊस तोडताना बायकांचं बोलणं निघालं. तुमच्या टोळीतल्या कितीतरी जणींची पिशवी काढलेली होती, आणि प्रत्येकीला कॅन्सरचंच सांगितलेलं होतं.

"सगळ्यांस्नी एकच वाक्य सांगितलतं, रेखे," तुम्ही म्हणालात. "एकच वाक्य. मला तवा कळलं की तो माज्याकडं बघून बोलतच नव्हता."

मग तुम्ही म्हणालात की तूही काल तसंच केलंस. बाजाराचं नाव सांगून गेलीस, उन्हाचं नाव सांगून ताप लपवलास, आणि आता मुंगीचं नाव घेतेस. सुई टोचल्याचा राग तुमच्या आवाजात नव्हता. मला तेच जास्त लागलं. मी त्या दिवशी बाळाच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला की दवाखान्याच्या बाबतीत तुमच्याशी परत खोटं बोलणार नाही. तुम्ही म्हणालात, मग पुढच्या टायमाला मी बी येते, आणि मला जे इचारायचं ते इचारू दे.

महिन्याभरानं तुम्ही अंगणवाडीत आलात. आपल्या गावाच्या सिस्टर, ज्यांना सगळे सुमनसिस्टर म्हणतात, निवृत्तीला आलेल्या. इतर बायका बाळं घेऊन रांगेत, आणि तुम्ही सरळ टेबलापुढं जाऊन उभ्या. मी लाजेनं खाली बघत होते. ही बाटली कुठून आली, कधी आली, सुई दुसऱ्याला वापरलेली आहे का, या लेकराला एकदम दोन-दोन सुया कशाला. सिस्टर एकेकाचं उत्तर देत गेल्या. सुईचं पाकीट त्यांनी तुमच्यासमोर फोडलं आणि दाखवलं की एकदा दाबली की ही परत भरताच येत नाही. बाटलीवरचं गोल चिन्ह दाखवलं. गोलाच्या आत एक चौकोन होता. म्हणाल्या, आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. ऊन लागलं की चौकोन काळा होत जातो. गोलाइतका काळा झाला की ती बाटली फेकायची. तुम्हाला अक्षर वाचता येत नव्हतं. पण ते तुम्हाला एका बघण्यात कळलं.

मग तुम्ही तो शेवटचा प्रश्न विचारलात, "ह्याच्यानं काय व्हतं लेकराला?"

सिस्टर म्हणाल्या, ताप येतो. टोचल्या जागी दुखतं, गाठ येते, लेकरू एक-दोन दिवस किरकिर करतं. फार क्वचित एखाद्याला मोठा त्रासही होतो, अंगावर गांधी उठतात, श्वास लागतो. म्हणून टोचल्यावर अर्धा तास इथंच बसायचं, त्याचं औषध माझ्या पेटीत आहे. आणि या लसी नाही दिल्या तर काय होतं तेही सांगते, असं म्हणून त्यांनी घटसर्पाचं आणि डांग्या खोकल्याचं सांगितलं.

तुम्ही माझ्याकडं वळून म्हणालात, "त्या डॉक्टरनं मला काहीच न्हाई होत म्हणलतं. ही म्हणती ताप येतो. टोच म्हणावं."

तरी तुमचं समाधान झालेलं नव्हतंच. मी तो व्हिडिओ तुम्हाला दाखवला होता, आता खोटं बोलायचं नाही म्हणून. तुम्ही सिस्टरना त्याचंही विचारलंत. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, मी या गावात ज्या पोरींना टोचलं, त्याच आता आपली लेकरं घेऊन माझ्याकडं येतात. तुम्ही म्हणालात, कोणत्या, नावं सांगा. त्यांनी चार नावं सांगितली. आणि तुम्ही अर्धा तास संपल्यावर सार्थकला माझ्याकडं देऊन खरोखर त्या चारही घरी गेलात. तिन्हीसांजेला परत येऊन सांगितलंत, तिघींनी हो म्हणलं, चौथी म्हणली आईला इचारून सांगते. दुसऱ्या दिवशी चौथीच्या आईकडंही जाऊन आलात. मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही. कुणावर विश्वास ठेवायचा तर एवढे कष्ट घ्यायचे असतात, हे मला कुणी शाळेत शिकवलं नव्हतं.

सार्थकच्या पुढच्या लसी तुमच्या देखरेखीखाली झाल्या. मग दिवाळीनंतर आपण टोळीबरोबर माजलगावच्या बाजूला ऊसतोडीला गेलो. आम्ही दोघं फडात, आणि पाचटाच्या झोपडीवजा कोपीत सार्थकला सांभाळायला तुम्ही. पौषात तो नऊ महिन्यांचा झाला, गोवराच्या लसीचा झाला. लसीचं कार्ड तुमच्या कापडी पिशवीत असायचं. तिथं आपल्याला कुणी ओळखत नव्हतं. तुम्ही कोपीवर येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचात की इथली सिस्टर कोण, कधी येते. मुकादमालाही विचारलंत. तो म्हणाला, गावी गेल्यावर बघा. तुम्ही त्याच्याशी दोन दिवस बोलला नाहीत.

तेवढ्यात आपल्या शेजारच्या कोपीतली परी आजारी पडली. दोन वर्षांची. ताप, डोळे लाल, मग कानामागून सगळ्या अंगावर पुरळ. तिच्या आईनं देवीचं म्हणून लिंबाचा पाला बांधला. परीला गोवराची एकही लस मिळालेली नव्हती. जन्मल्यापासून ती पोर अर्धं वर्ष गावात, अर्धं वर्ष कोपीत. त्यांच्या गावातली सिस्टर म्हणायची कारखान्याकडं घ्या, कारखान्याकडं कुणी विचारायचं नाही. तिची आई काही अडाणी नव्हती, आत्याबाई. तिला कुणी विचारलंच नव्हतं. परीला श्वास लागला तेव्हा तुम्हीच मुकादमाच्या गाडीपुढं उभ्या राहिलात आणि तिला तालुक्याच्या दवाखान्यात पाठवलंत. स्वतः नाही गेलात. दुसऱ्याच्या पोरीला पाठवलंत.

परीचा गोवर दवाखान्यात कळला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोन माणसं लसीची पेटी घेऊन आली. एक तरुण सिस्टर आणि एक कर्मचारी. सगळ्या लेकरांना कोप्यांपुढं जमवलं. मी सार्थकला कडेवर घेऊन सगळ्यात पुढं उभी होते. आणि तुम्ही म्हणालात, बाटली फोडायच्या आधी मला बघू द्या.

त्या सिस्टरला राग आला. मावशी, तुम्हाला वाचता येतं का, असं तिनं विचारलं. तुम्ही म्हणालात, रंग दिसतो. टोपणावरचं चिन्ह तुम्ही उन्हात धरून बघितलंत आणि म्हणालात, चौकोन काळा झालाय, ही नको.

मला तेव्हा काय झालं ते मी आजही सांगू शकत नाही. परीचं ते फुललेलं अंग माझ्या डोळ्यांपुढं होतं. तिची कोपी आणि आपली कोपी यांत चार पावलांचं अंतर होतं. लस दारात आली होती आणि तुम्ही ती परत पाठवायला निघाला होता. मी सगळ्या टोळीसमोर म्हणाले की तुम्हाला नातू जगायला नकोच आहे, पहिल्या दिवसापासून तुमचं हेच चाललंय. आणि म्हणाले, माझ्या लेकराला काही झालं तर तुमचं तोंड बघणार नाही.

तुम्ही बाटली हातातून सोडली नाहीत. त्या तरुण सिस्टरपुढं धरून एवढंच म्हणालात, "तूच बघ बाई. तू शिकलेली हाईस."

तिनं घेतली. उन्हात धरली, सावलीत धरली. मला चांगली वाटते, असं म्हणाली. मग परत एकदा बघितली. पेटीतल्या दुसऱ्या बाटल्या काढून बघितल्या. बराच वेळ गेला. शेवटी तिनं पेटीचं झाकण लावलं आणि हळूच म्हणाली की शंका आली की वापरायची नाही, असंच आम्हाला शिकवलंय, मी उद्या येते. मला वाटलं ती आता येत नाही. तुम्हालाही वाटलं असणार, कारण तुम्ही रस्त्याकडं तोंड करून अंधार पडेपर्यंत बसला होता आणि मी भाकरी वाढली ती खाल्ली नाहीत.

ती आली. सकाळीच आली, दुसरी पेटी घेऊन. बाटली काढून आधी तुमच्यापुढंच धरली. तुम्ही बघितली, मान हलवली आणि सार्थकला माझ्या कडेवरून घेऊन स्वतःच्या मांडीवर बसवलंत. टोळीतल्या सगळ्या लेकरांना लस मिळाली. सार्थकला गोवर झाला नाही. परी पंधरा दिवसांनी दवाखान्यातून आली, हाडांचा सापळा होऊन, पण आली.

आदल्या दिवशीचा चौकोन खरंच काळा झाला होता का, हे मला आजही माहीत नाही. मी स्वतः बघितला नव्हता. मी फक्त ओरडत होते. त्या सिस्टरनं कधी स्पष्ट सांगितलं नाही आणि तुम्हीही परत त्यावर बोलला नाहीत. मी माफी मागितली नाही. आधी राग होता म्हणून, मग लाज होती म्हणून, मग फार दिवस झाले म्हणून. तीन वर्षं आपण एका चुलीवर जेवलो आणि ते वाक्य आपल्या दोघींच्या मध्ये तसंच बसून राहिलं.

आता त्या सकाळचं सांगते.

तुम्ही भांडी घासताना उठलात आणि दाराशी येऊन बसलात. कपाळावर घाम होता. डाव्या हाताला कळ लागली म्हणालात, मग म्हणालात पित्त झालंय. मी म्हटलं, आत्याबाई, समोर जीप उभी आहे, चला. तुम्ही म्हणालात नको. मी पाया पडले. तुम्ही म्हणालात, "मला तिथं नेऊ नकोस, रेखा. मला हात लावू द्यायचा न्हाई कुणाला." तुमचा लेक बाहेर होता. मी त्याला फोन लावला, सुमनसिस्टरना लावला. त्या आता दुसऱ्या गावी राहतात. त्या म्हणाल्या, काहीही कर पण ने. शेजारच्या भाऊजींनी तुम्हाला उचलायचं म्हटलं, तर तुम्ही चौकट धरून ठेवलीत.

आत्याबाई, एक वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. सार्थकला ताप भरलाय, त्याला न्यायचंय, चला सोबत. एवढं म्हटलं असतं तर तुम्ही उठला असता. मला पक्कं माहीत आहे, तुम्ही पदर खोचून जीपमध्ये जाऊन बसला असता. आणि मी ते बोलले नाही. मी शब्द दिला होता. शेवटी तुम्ही चौकट सोडलीत, पण तेव्हा हातात जोरच राहिला नव्हता. जीप गावाबाहेर पडायच्या आत तुम्ही गेलात.

मी शब्द पाळला, हे बरं केलं की वाईट? तुमचा लेक म्हणतो, तुझी काही चूक नाही. मला त्याच्यावर विश्वास बसत नाही.

आणि आता माझाही राग ऐका. तिसऱ्या दिवशी तुमची लुगडी आवरताना घडीतून गोळ्यांची रिकामी पाकिटं पडली. एक नाही, पुष्कळ. मेडिकलवाल्याला विचारलं तर म्हणाला, चार महिन्यांपासून न्यायच्या, छातीत जळजळतं म्हणायच्या. चार महिने, आत्याबाई. माझ्याकडून खोटं न बोलायचा शब्द घेऊन तुम्ही चार महिने माझ्यापुढं भाकरी थापत होता. सार्थकच्या मांडीवरची एवढीशी गाठ तुमच्या बोटाला लागली, आणि तुमचं दुखणं मला दिसू नये म्हणून तुम्ही केवढी काळजी घेतलीत. दुसऱ्याच्या लेकरासाठी तुम्ही बाटली उन्हात धरून बघायला शिकलात. स्वतःसाठी एकदा तरी कुणाला प्रश्न विचारायचे होते. त्या एका डॉक्टरनं तुमची पिशवीच नाही, स्वतःसाठी विचारायचं तुमचं तोंडही काढून नेलं असं मला वाटतं. मी त्याचं नाव तुम्हाला कधी विचारलं नाही. आता कुणाला विचारू?

परवा बुधवार होता. अंगणवाडीत लसीकरण होतं. मला तिथं काम नव्हतं, सार्थक मोठा झालाय, तरी मी गेले. नव्या सिस्टर आहेत आता. खालच्या गल्लीतली नवी सून दीड महिन्याची पोरगी घेऊन भिंतीला टेकून उभी होती, नजर सारखी दाराकडं. दाराबाहेर तिची सासू, कमरेवर हात ठेवून, आत न येता. लोक म्हणत होते ती भांडायला आलीय. आशाताई सुनेला समजावत होत्या की काही होत नाही, तू घाल नाव, आम्ही बघतो तुझ्या सासूचं.

मी सुनेकडं गेले नाही. बाहेर सासूकडं गेले. तिनं माझ्याकडंही संशयानंच बघितलं. मी म्हटलं, मावशी, ताप येतो. गाठ पण येते. अजून काय काय होतं ते आत येऊन सिस्टरला विचारा. ती म्हणाली, मला काय कळतंय त्यातलं. मी म्हटलं, कळेपर्यंत विचारा, तोवर कुणी टोचणार नाही.

तिनं एकदा आतल्या टेबलाकडं बघितलं. मग चपला काढून आत गेली आणि टेबलापुढं उभी राहून म्हणाली, "ह्याच्यानं माजी नात मरायची न्हाई ना, ते आदी खरं सांगा."

सिस्टरनी हातातली सुई खाली ठेवली आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली.